वाळूतलं नाक

गुरुवार, नळाला पाणी आलेला दिवस

संध्याकाळी पाण्याचा ड्रम सरकवला, तर मागे माझी काटेरी वाम, तो सापासारखा लांब मासा, सापडली. वाळलेली, चपलेच्या पट्ट्यासारखी कडक. माशाच्या टाकीच्या झाकणाला फट आहे, तिथून निघाली असणार. कधी? निदान पंधरा दिवस झाले असावेत.

मग पंधरा दिवस टाकीतली गांडुळं कोण खातंय? आज सकाळचीही संपली.

हर्सूल तलावावरच्या मासेमारानं बजावलं होतं, "साहेब, लई दुर्मिळ जात. दुसरी मिळायची नाय." टाकीत ती एकटीच. दिवसभर वाळूत पुरलेली, फक्त नाक वर. ते नाक आत्ताही वर आहे. मी रोज त्याच्याशी बोलतो.

बायको म्हणाली, "अहो, खडा असेल. हात घालून बघा."

"तू घाल."

"भुताखेतांची टिंगल करत पेपरात सदर चालवता ना? घाला की."

बाही वर केली. बोटं पाण्यात गेली आणि नाक सावकाश वाळूत खाली गेलं.

 बायकोनं स्वयंपाकघरातून वरवंटा आणून झाकणाच्या फटीवर ठेवला. त्याआधी मी गांडुळं टाकली. उपाशी ठेवायची हिंमत झाली नाही.