उपाशी पाहुणी

कामुली,
१४ सप्टेंबर

प्रिय कागोयाताई,

तुला आणि कंपालात ज्यांच्या घरी तू राबतेस त्या सगळ्यांना माझा नमस्कार. इथे रताळी बरी आली. शेळी व्याली. माझी कंबर आहे तशीच आहे.

बालिकोवासाहेबांनी तुला फोनवर सांगितलं म्हणे, की किरुंडा हा एक डोकं फिरलेला सुतार आहे. तर त्यांच्या बालगृहात या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. मुलांचे पलंग, सगळे खुंटीच्या जोडाचे, एक खिळा नाही. जेवणघरातली बाकं. धाकट्यांच्या बेताची हात धुण्याची घडवंची. वर्गातले दोन फळे, एक शिडी. आणि धान्याच्या कोठीचं दार, म्वुले लाकडाचं. उंदीर सोड, त्यात मुंगीलाही फट सापडायची नाही. मला कुणी शिकवलं नाही. मोडक्या खुर्च्या उकलत गेलो आणि शिकलो.

तू लिहितेस, आपल्या दादाच्या पोरीला, नांगोबीला, परत बालगृहात नेऊन सोड. तिथे शाळा फुकट, दोन वेळचं जेवण, आणि बाहेरून आलेल्या तपासनीस बाईंनीही अहवालात 'मुले समाधानी आहेत' असं म्हटलंय. तो अहवाल मीही ऐकला. बालिकोवांनी चर्चमध्ये उभं राहून वाचला, तोही दोनदा.

बाहेरचं माणूस तपासायला हवंच, हे मी मानतो. स्वतः केलेली खुर्ची कुठल्याच सुताराला डुगडुगती वाटत नाही. अटिमबाई उत्तरेकडच्या, इथे कुणाच्या नात्यातल्या ना ओळखीतल्या. चांगल्या बाई. नांगोबीनं मला शब्द दिला होता, की कोठीचं त्यांना सांगेन. कोठीत काय होतं ते तुला माहीत नसेल. माहीत नसावं, असं मी धरून चालतो. ज्या पोराची पेज सांडली, अंथरूण ओलं झालं, त्याला तिथे कोंडत.

तपासणीच्या दिवशी स्वयंपाकघरात हिरव्या केळ्यांचे मटोके शिजले, दाण्याची आमटी झाली, कोंबडं कापलं. अटिमबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, जिथे तपासायचं तिथलं पाणीही प्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. मला तो नियम आवडला. बालिकोवा नुसते हसले. ते आपल्यातलेच ना, त्यांना ठाऊक होतं.

बाईंनी एकेका मुलाला आंब्याखाली नेऊन बसवलं, आजूबाजूला कुणाला फिरकू दिलं नाही. सगळी म्हणाली, आम्ही बरे आहोत. नांगोबीही तेच म्हणाली. मी तिला मागच्या अंगणात गाठून झापलं. ती म्हणाली, "काका, बाईंच्या पोटात काहीच नव्हतं. उपाशी पाहुण्यासमोर आपलं रडगाणं गायचं नाही, असं आत्यानंच शिकवलंय."

आत्या म्हणजे तू, ताई.

मी भाजलेलं रताळं घेऊन गाडीपाशी धावलो. एक घास खा म्हटलं, मग बोलू. बाई म्हणाल्या, "दादा, तुमच्या हातचं खाल्लं तर उद्या माझ्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवील?" त्यांचंही बरोबरच होतं. मी म्हटलं, मग कोठी तरी बघा. त्या म्हणाल्या, "पाहिली की. दार काय सुंदर केलंय. कुणी केलं?"

आणि मी सांगत बसलो. लाकूड किती वाळवलं, फळ्या कशा बसवल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा मी बिजागरीपाशी होतो.

पुढचं थोडक्यात लिहितो. आमचं अंगणातलं बोलणं कुणीतरी बालिकोवांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी नांगोबी कोठीत. शेंगांच्या सालपटांची धूळ, आणि तिला दादासारखाच दमा. ती ओरडत होती म्हणे. त्या दारातून आवाज बाहेर येत नाही, मी ते तसंच केलंय. स्वयंपाकीण दाणे काढायला गेली म्हणून सापडली. मी तिला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं. आता ती माझ्याकडे आहे. श्वास परतलाय. बोलते, पण विचारलं तरच, आणि काहीही विचारलं की म्हणते, "बरी आहे, काका."

तुला ती तिथे हवी, कारण तिथे खर्च नाही. माझं वय झालं, घरात बाईमाणूस नाही, हेही तू लिहिलंस. खरंच आहे. पण ती जाणार नाही. अटिमबाईंना मी निरोप धाडलाय, की या खेपेला फेरतपासणीला याल तेव्हा आधी माझ्या घरी या. बाजारातून स्वतःच्या पैशानं काय हवं ते विकत घ्या, पण मुलीच्या समोर बसून खा. मग विचारा. उत्तर अजून आलेलं नाही.

तू ये, किंवा नको येऊस. आलीस तर तिला आधी तू सांग, की आत्याचं चुकलं.

तुझ्या पाठचा,
किरुंडा

ता. क. काल बालिकोवा आले होते. बाई फेरतपासणीला येतील त्या दिवशी नांगोबी इतर मुलांच्या रांगेत उभी दिसावी, एवढंच म्हणाले. बदल्यात नव्या इमारतीचं सगळं लाकूडकाम माझं, निम्मे पैसे आगाऊ. मी नाही म्हटलं. बासष्ट लाख शिलिंग.