चुकेल त्याचा केक

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज वर्गात बोलून गेले! आमचा प्राध्यापक ट्रोल्स विचारत होता, "प्रयोगशाळेत काय सुधारायला हवं?" मी म्हटलं, "हे प्रयोग कसले, पाककृती आहेत! नळ फिरवा, आकडा लिहा. उत्तर कागदावर आधीच छापलेलं. चुकायची सोयच नाही."

मागून मॅल्थे, "आजी, हळू! काम वाढवशील." वर्गात सगळ्यांत थोरली मीच, त्याच्या आईहूनही.

मग माझ्या नवऱ्याचं, आयविनचं सांगितलं. तो कामाला होता त्या स्वेंडबोरच्या गोदीत जो चुकेल त्यानं केक आणायचा, आणि तो खाता खाता चूक कशी झाली ते सांगायचं. कोणी काही लपवत नसे. "इथं वर्षभरात एकही केक आला नाही," म्हटलं.

आयविन जाऊन तीन वर्षं झाली. त्याचं नाव वर्गात पहिल्यांदाच काढलं.

मंगळवार, ४

एक कप कॉफी, पंपांवरचं जाड पुस्तक. नववीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं असंच शिकले.

बुधवार, ५

ट्रोल्स तयार झाला! पण एकाच गटापुरता — मॅल्थे, एस्थर आणि मी. नळीतून पाणी जाताना दाब किती उतरतो, ते आमच्या पद्धतीनं शोधायचं. शुक्रवारी विभागाची बैठक. गोंधळ झाला तर सगळ्यांना पुन्हा पाककृती.

गुरुवार, ६

आकडा छापलेल्याच्या दुप्पट. पुन्हा केलं — दुप्पटच! एस्थर रडकुंडीला आली. "छापलेलाच लिहू या ना! सगळे तेच करतात."

मॅल्थे म्हणतो, "आजी, केक चॉकलेटचा आण हं."

मेला! हसू फुटलं. आणि हसता हसताच सुचलं — नळी मोजलीय का कुणी? सांधा खोलला. आतून कागदावरच्यापेक्षा अरुंद! फरक थोडाच, पण दाबाच्या हिशेबात तेवढा पुष्कळ. एस्थरनं गणित मांडलं. जुळलं!

शुक्रवार, ७

जिंकलो!

बैठकीत ट्रोल्स नळी हातात घेऊन उभा राहिला. "ही दोन वर्षांपूर्वी मीच बदलली. कागद बदलायचा राहिला. आणि तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याचं उत्तर कागदाप्रमाणे बरोबर!"

विभागप्रमुख इंगा आधी लाल झाली, मग पोट धरून हसली. "म्हणजे कोणी मोजलंच नाही की!"

वसंतातल्या सत्रापासून सगळा वर्ग आमच्या पद्धतीनं. मॅल्थेनं मला उचललंच. "अगं आजी, वजन आहे हं तुला!"

सोमवार, १०

ट्रोल्सनं केक आणला. स्वतः भाजलेला, मधोमध बसलेला. वर्गापुढे उभं राहून चूक सांगितली. काय टाळ्या पडल्या!

एक तुकडा घरी आणला. कधी एकदा आयविनला सांगते असं झालं होतं. टेबलावर कॉफीचे दोन कप मांडले, दोन्ही भरले.

तीन वर्षांत पहिल्यांदा चुकले.

उद्याचा केक माझा.