पॉलिसीचं दुसरं पान

कळमनुरी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सरू,
सप्रेम जयभीम.

आमी सगळे बरे आहोत. तू, सुरजराव आणि आरोही खुशाल असाल. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. आता ती ओट्यावर बसून लांबून माणूस ओळखते आणि हाक मारून थांबवते. दुकानात हरभऱ्याच्या फवारणीचे पंप दुरुस्तीला येऊन राहिले. तुझ्या ज्योतीवहिनीची आरोग्य उपकेंद्रातली नोकरी चालूच आहे.

मी पत्र काहून लिहून राहिलो, असं तुला वाटेल. फोन लावला असता तर पाऊसपाणी विचारून ठेवून दिला असता. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

अपघाताचं ज्योतीनं कळवलंच असेल. हिंगोलीहून पंपाचं सामान घेऊन येत होतो. दिवस नुकता मावळला होता. सोयाबीनच्या पोत्यांची एक ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं लाल दिवा न्हाई का काही न्हाई. दिसली तवर उशीर झाला होता. गाडीत मी एकटाच होतो, हे बरं झालं. डाव्या खांद्याचं हाड मोडलं, दोन फासळ्यांना मार लागला. आता हात झोळीत आहे, पण दुखणं कमी आहे. ट्रॉलीवाला पोरगा माझ्याहून जास्त भेला होता. त्यानंच मला बाहेर ओढून काढलं, पाणी पाजलं, मग माझी शुद्ध गेली.

गाडी मात्र गेली. गॅरेजवाल्यानं एकदाच वाकून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हिला आता भंगाराचाच भाव."

मग खरी तकलीफ सुरू झाली. बँकेत विचारलं तर गाडीच्या कर्जाचे सात लाख दहा हजार बाकी. विमा कंपनीकडून गॅरेजवर नुकसान बघायला सर्व्हेअर बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, गाडी दोन वर्षं जुनी, पॉलिसीवर आजची किंमत साडेसहा लाख. विम्याचे पैसे आधी बँकेत जाणार, वरचे साठ हजार माझ्या खिशातून. म्हणजे गाडी न्हाई, सुरुवातीला भरलेले पैसे न्हाईत, आणि जी गाडी भंगारात पडली तिचे हप्ते अजून भरायचे. मी तिथंच टायरवर बसलो.

बाई कागद चाळत होत्या. म्हणाल्या, "थांबा काका. दुसरं पान वाचलं का तुमी?"

"न्हाई."

"यात रिटर्न टू इन्व्हॉइस आहे. तुमाला आजची किंमत न्हाई, गाडी घेतली तेव्हाच्या बिलाची रक्कम मिळणार."

मी म्हणलं, "बाई, चूक होत आहे. मी ते घेतलं न्हाई. मी तर नको म्हणून भांडलो होतो."

त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "दोन्ही वर्षी घेतलंय. वरचा हप्ता वेगळा भरलाय, सरिता सुरज या नावानं. कोण त्या?"

मी ते नाव पुन्हा वाचलं. बहीण आहे, असं सांगितलं.

परवा पैसे आले. नऊ लाख साठ हजार. बँक फिटली, आणि अडीच लाख हातात राहिले. ज्योतीनं पॉलिसीचा कागद उलटून बघितला. मग म्हणाली, "ताईंनी मलासुद्धा सांगितलं न्हाई." तू भरलेले पैसे मी तुला पाठवणार न्हाई, कारण तू ते परत करशील.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

दोन वर्षांमागं तुझ्याच शोरूममध्ये तू मला समजावून सांगितलं होतंस. "दादा, गाडी रस्त्यावर आली की तिचा भाव भराभर उतरतो, कर्ज तसं उतरत न्हाई. गाडी चोरीला गेली न्हाईतर पार मोडली, तर मधला फरक तुझ्या गळ्यात पडंल." बराबर बोलत होतीस. आणि मी, तुझ्या सोबतच्या सगळ्या लोकांपुढं, सुरजराव पेढ्यांचा डबा घेऊन उभे असताना, काय म्हणालो? गाडीला हार घालायच्या आधीच मोडायला निघालीस, तुझी जीभच अपशकुनी आहे. तू मान खाली घालून फॉर्म भरत राहिलीस. तेव्हापासून तू कळमनुरीला आली न्हाईस, आणि मीही ये म्हणलं न्हाई.

एवढंच असतं तर कदाचित फोनवर बोललो असतो. अजून एक आहे, ते ज्योतीनं तुला सांगितलं नसेल. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं वाक्य माझ्या तोंडून हे निघालं की, सरूच्या बोलण्यानंच हे झालं. आई पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या बापानं शकुन-अपशकुन घरातून काढले. तू ते दवाखान्यात घेऊन आलास व्हय?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. त्या दोन दिवसांत सुद्धा मी तुझ्यावरच चिडून होतो. आणि तुझं नाव त्या कागदावर दोन वर्षांपासून होतं.

आता मन हलकं आहे, घरही हसतं आहे. आई म्हणते, गाडी पुन्हा घ्या पण लहान घ्या. कोणती घ्यायची, विम्यात काय काय जोडायचं, ते तू सांग. यावेळी प्रत्येक पान वाचून सही करीन.

शनिवारी, बावीस तारखेला, सकाळच्या बसनं आईला घेऊन नांदेडला येतो. आईला तुझ्या घरी सोडीन, पण मी आधी शोरूमवर येईन. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घेईन. तुझे साहेब आणि सोबतचे लोक असतील तेव्हाची वेळ कळव. तुला अवघडल्यासारखं होत असेल तर तसं लिही, मी बाहेर थांबेन.

आरोहीला पापा. सुरजरावांना जयभीम सांग.

खाली 'तुझा दादा' असं लिहायला हात धजत न्हाई. ते तू पुन्हा म्हणशील तेव्हा.

भीमराज