खुरांमागं

सातारा, सोमवार

तीर्थरूप आप्पांस सिदूचा दंडवत.

मी धडधाकट हाय, हे आधी आईला सांगा. फोनवर तुमी लगेच वरडता, म्हणून पत्र.

काल कारखान्यातल्या पोरांसंगं मोटारसायकली घेऊन मेढ्याच्या रानात गेलो. झाडी लय दाट, आमी वाट चुकलो. पोरं म्हणाली, "सिदू, तू जतचा मेंढपाळ. तूच काढ वाट."

मातीत खुरं दिसली. मोठी हुती, म्हशींची असतील म्हणलं. उन्हं कलली की जनावर घराकडंच वळतं, म्हणून तीच वाट धरली. आठ गाड्या माझ्या मागं.

वाट डबक्यापाशी संपली. तिथं गवे पाणी पीत हुते! मी हात वर करून गाड्या बंद करायला लावल्या. एका गव्यानं लय वेळ आमच्याकडं बघितलं, मग सगळे झाडीत गेले. आमी माघारी फिरलो, अंधार पडता सडक गावली.

पोरं म्हणतात, सिदूनं वाचवलं. पण तिथं नेलं कुणी? मीच की.

आईचा गुडघा कसा हाय?

आप्पा, औंदा मेंढरं कुठल्या रानात बसवलीत, तेवढं कळवा. ते ठाव नसतानाबी काल खुरं दिसली तसं मन घराकडं वळलं, अन् मी खुरांमागं तुमच्याकडंच निघालो हुतो.

तुमचा,
सिदू