जावेचा बंगला आणि माझी वही

पिंप्राळा, जळगाव

सौ. अक्कास,

धाकट्या नूतनचा इथूनच धुळ्यापर्यंत वाकून नमस्कार. आम्ही बठ्ठे मजेत. भाऊंचा खोकला थांबला का? फोनवर सासूबाईंचे कान असतात, म्हणून कागदावर लिहिते.

माझ्या धाकट्या जावेने, हर्षालीने, मेहरूण तलावाजवळ बंगला घेतला. घर दोनच मजल्यांचं, तरी लिफ्ट! मी हट्टाने जिना चढले, गुडघा अजून ठणकतोय. शेजारी कोण राहतं हे तिला ठाऊक नाही, आणि तेही ती कौतुकाने सांगते. कॉलनीच्या गेटवर वॉचमनने माझ्याकडून वहीत लिहून घेतलं: नाव, कुणाकडे, सही. जावेकडे जायला सही! माझा नुसता जळफळाट झाला.

पण तिथे धूर केलेला चालत नाही. म्हणून काल हर्षाली भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला माझ्या गच्चीवर आली. मी जिन्याशीच तसेच रकाने आखलेली नवी वही पुढे केली. म्हटलं, "आधी सही कर."

ती हसली. 'कुणाकडे'च्या खाली तिने लिहिलं, 'आपल्याच घरी'.

बघ अक्का, इथेही तीच वरचढ ठरली.

तुझीच जळकुकडी,
नूतन