बाबा म्हणायला शिकला

बिश्केक, ६ नोव्हेंबर

ती. आईंस,
जाझगुलचा सलाम. वि. वि.

गावाहून ये-जा करणाऱ्या सादिरच्या गाडीतून पाठवलेलं लोणी पोहोचलं. लोण्याचा टपालखर्च म्हणून दोन पेले चहा पिऊन गेला मेला! फोनवर बोलताना तुमचे चिरंजीव शेजारी बसून असतात, म्हणून हे पत्रही सादिरच्याच हाती देते.

तिलेक शाळेतून आला की कानांवर हेडफोन चढवून संगणकावर खेळायला बसतो, तो जेवायलाही उठत नाही. तुम्ही म्हणाल, सुनेला एक पोर आवरत नाही. खरंच आवरत नाही. पहिलं मूल आजीचं, या आपल्या रिवाजाप्रमाणे मी त्याला जन्मतःच तुमच्या पदरात घातलं. तुम्हाला आई म्हणत वाढलेला मुलगा आता शिकायला आमच्याकडे आला, तर आम्हाला दादा-वहिनीच म्हणणार. ह्यांच्या ते जिव्हारी लागतं. पोटचं पोर दादा म्हणतं, म्हणून परवा पट्टा उगारला. मी मध्ये पडले. बाकी ठीक.

लोभ असू द्या, आम्हा दोघांवरही.
तुमची जाझगुल


कोचकोर, १५ नोव्हेंबर

चि. जाझगुल हीस पुष्कळ आशीर्वाद.

तुझं ‘बाकी ठीक’ मला कळतं, पोरी. पट्टा कुणाला लागला ते स्पष्ट लिही.

इथे तिलेकच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मेंढ्यांशीसुद्धा गप्पा मारायचा. ते यंत्रच मुळावर आलंय. ओमुरबेकला मी फोनवर बजावलं, की आधी ते घराबाहेर काढ आणि पोरावर हात टाकू नकोस. त्याने हूं केलं. त्याच्या बापाचा हात असाच सुटायचा, तेव्हा हा तबेल्यात घोडीच्या पोटाखाली जाऊन बसायचा. हे तो विसरला असेल असं वाटत नाही.

जपून राहा.
आई


बिश्केक, २ डिसेंबर

ती. आईंस,
जाझगुलचा सलाम. वि. वि.

तुमचं ऐकलं त्यांनी. यंत्र घराबाहेर गेलं, पाचव्या मजल्याच्या खिडकीतून. खाली कुणी नव्हतं हे नशीब.

तरी तिलेक त्याच टेबलाशी हेडफोन लावून बसतो. तार खाली नुसती लोंबते आणि बोटं चालू असतात. पोराला वेड लागलं की काय, म्हणून मी घाबरले. तो आंघोळीला गेल्यावर ते स्वतः लावून पाहिले. आई, काहीच ऐकू येत नाही. रस्ता नाही, नळ नाही. मी स्वयंपाकघरात ओरडते तेही येत नसणार. विचारलं तर म्हणाला, वहिनी, खेळात आपल्या माणसाला मार बसला तर मला वाचवता येतं.

मागच्या आठवड्यात ह्यांनी माझे केस धरले. तिलेक हेडफोन काढून आला आणि म्हणाला, बाबा. जन्मात पहिल्यांदा. ह्यांचा हात तिथेच थांबला. खाली बसून लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, सुटलो.

पण पोराला कळलं, की हा शब्द चालतो. आता आवाज चढला की बाबा, बाबा करत धावत येतो. दुसऱ्यांदा हात थांबला, पण थोडाच. काल थांबलाच नाही. बाबा म्हणता म्हणताच त्याच्या तोंडावर चपराक बसली. आज तो कुणालाच काही म्हणत नाही.

शनिवारी त्याला सादिरबरोबर पाठवते. मी इथेच राहीन. नवऱ्याला सोडून सासूच्या दारात कुठली सून येते?

त्याच्यावर लोभ आहेच. माझ्यावरही राहू द्या.
जाझगुल


कोचकोर, १० डिसेंबर

चि. ओमुरबेक यास आशीर्वाद.

तुझी बायको आणि तिलेक सुखरूप पोहोचले. तो एकटा गाडीत चढेना, सादिरच्या गाडीचं दार धरून उभा राहिला, म्हणून तिला नेसत्या कपड्यांनिशी यावं लागलं. लोक बोलतील ते मी ऐकून घेईन. तिलेक अजून हेडफोन लावूनच झोपतो. मी काढत नाही.

काल फोनवर तू आरडाओरडा केलास तोवर मी ऐकत होते. मग तू लहानपणीच्या आवाजात आई म्हणालास आणि मी फोन ठेवला. राग आला म्हणून नव्हे. माझ्यावर तो शब्द अजून चालतो, ओमुरबेक. आणखी एकदा म्हणाला असतास, तर मी दोघांना परत पाठवलं असतं.

फोन करू नकोस. लोभ तुटलेला नाही, म्हणूनच सांगते.

तुझी आई