चहाला पाहुणे येणार म्हणून

१ नोव्हेंबर
जयपूरला पोचलो एकदाचे! बनी पार्कात तळमजल्याचं घर, मागे ऐसपैस अंगण, ऑफिस वीस मिनिटांवर. आई गेल्यावर धाकट्या भावाला, निलयला, सांगलीत कुणाच्या भरवशावर ठेवणार? सहा वर्षं त्याच्या डोक्याच्या आजारावर रोजची गोळी चालू आहे. कधी कुणाला बोट लावलं नाही पोराने. घरमालक मुरलीधरजींशी त्याची गट्टीही जमली. निलय मला चिडवतो, ताई, तू आता जयपूरवाली झालीस म्हणून.

९ नोव्हेंबर
स्थळ आलंय. शुभंकर, लष्करात कॅप्टन. त्याची आई, विजयमालाबाई, रविवारी चहाला येणार. निलयच्या आजाराबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. गोळीने तो पेंगतो, जीभ जड होते. म्हटलं, आठवडाभर बंद ठेवू. तो नको म्हणत होता, मीच गळ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१६ नोव्हेंबर
काय छान वागला! चहाचा ट्रे स्वतः आणला, गप्पा मारल्या. विजयमालाबाई म्हणाल्या, भाऊ मोठा गुणी आहे हो. होकार आल्यातच जमा. आता साखरपुड्यापर्यंत असंच राहू दे, असं मी ठरवलं. लाज वाटायला हवी होती.

२३ नोव्हेंबर
निलय झोपत नाही. माझ्या हातचं खात नाही. आज मला ‘बाई’ म्हणाला. मी ताई नाही म्हणे, तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी आहे. गोळी पुढे केली तर विष म्हणाला. डॉक्टरांना फोन केला नाही. गोळ्या कधीपासून बंद, हे विचारतील. पाप माझं आहे.

२५ नोव्हेंबर, सकाळ
मुरलीधरजी हसत सांगत आले : निलय भैया म्हणतो, इस औरत ने मेरी दीदी को छुपा रखा है, इसे मारना पड़ेगा. त्यांना थट्टा वाटली. मीही हसले. देवा, मीही हसले.

दुपार
कडी लावून आत बसलेय. त्याच्या हातात वरवंटा आहे. डॉक्टरांना सगळं सांगितलं — इस्पितळातून माणसं निघालीत — दार उघडू नका म्हणाले. त्याच्या हातून काही झालं तर खून माझ्या माथी लिहा, त्याच्या नाही —

रडतोय. दाराशी येऊन हाका मारतोय. ताई, घाबरू नकोस, त्या बाईने तुला कोंडलंय ना, मी सोडवतो —

राहवलं नाही. ओ दिली.

आवाज ओळखला! हसतोय — कडी काढ म्हणतोय — माझा निलय — पण मला बघितल्यावर त्याला कोण दिस—